टिपणीस साहेबांचा बोनस

"बाई, हा बोनस साहेबांचा. तुमचा नाय," असं म्हणून घरतांनी फॉर्म आईपुढे सरकवला, तशी मी खुर्चीवरून उठलेच.

"म्हणजे काय? गाडी तीच, घर तेच!"

"मीनल, खाली बस," आई म्हणाली.

बसले, पण पाय हलायचा थांबेना. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या त्या विमा कचेरीत आम्ही दहा वाजल्यापासून ताटकळत होतो. मागच्या बाकावर बाबा होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. अंबरनाथ एमआयडीसीतल्या कारखान्यातून महिन्यापूर्वी रिटायर झालेले असिस्टंट मॅनेजर श्रीपाद टिपणीस. आपली फियाट आईच्या नावावर करायचा हट्ट त्यांचाच.

घरत तिथले कारकून, बदलापूरचे, माणूस सरळ. "ताई, बोनस माणसाच्या नावावर चढतो, गाडीच्या नाय. साहेबांनी अकरा वर्षं एक क्लेम केला नाय, म्हणून त्यांना सूट. बाईंचं लायसन्स गेल्या महिन्यातलं, पाटी कोरी. नवा माणूस पहिल्या दोन वर्षांतच ठोकतो, रोज बघतो आम्ही. मग त्याला सूट कशी मिळणार? पुरा प्रीमियम. बाईंनी नीट चालवली तर त्यांचा पण चढेल हळूहळू."

बोलणं रास्त होतं, म्हणूनच ते मला जास्त झोंबलं. वर घरत बाबांकडे बघून म्हणाले, "साहेबांसारखा हात सगळ्यांना कुठनं येणार?"

त्या अकरांपैकी शेवटची चार वर्षं गाडी आईनं चालवली होती.

बाबांना काचबिंदू झाला. समोरचा कागद नीट दिसे, पण बाजूनं येणारी सायकल दिसत नसे. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. दुसरा कुणी सरळ शेअर रिक्षा धरून गेला असता, सगळे कामगार तसेच जात. पण गाडीवाला ऑफिसर रिक्षातून उतरला की लोक विचारणार, आणि डोळ्यांचं कळलं की कंपनी घरी बसवणार, ही बाबांची धास्ती. मग आई गाडी शिकली. लायसन्स नाही, काही नाही. रोज सकाळी अंबरनाथ पश्चिमेहून ती बाबांना घेऊन निघायची आणि कारखान्याच्या अलीकडच्या वळणावर उतरायची. बाबा पलीकडे सरकून स्टिअरिंग धरायचे आणि शेवटची शंभर पावलं सरळ फाटकात. गाडी आत जाईपर्यंत आई जीव मुठीत धरून रस्त्यावर उभी. मग ज्या शेअर रिक्षाची बाबांना लाज वाटे, तिच्यातूनच ती घरी यायची. संध्याकाळी पुन्हा तेच, उलट्या क्रमानं. चार वर्षांत गाडीवर चरा उमटला नाही. मला बाबांचा राग यायचा आणि सगळं मुकाट्यानं करणाऱ्या आईचा त्याहून जास्त.

फॉर्मवर आईचं पेन थांबलं होतं. 'वाहन चालवण्याचा अनुभव : किती वर्षे.'

"सांग ना," मी कुजबुजले.

"काय सांगू?"

"खरं ते."

"गप्प बस," आई म्हणाली. सवलतीचं मला काही नव्हतं. निदान एका परक्या माणसानं तरी तिला शाबास म्हणावं, एवढंच वाटत होतं.

"चार वर्षं," मागून आवाज आला. बाबा उभे राहिले होते. "घरत, चार वर्षं लिहा. गेली चार वर्षं गाडी हीच चालवत होती. मी नव्हे."

घरत खो खो हसत सुटले. "काय साहेब! बाईंना सूट मिळावी म्हणून काय काय बोलाल!" चहा देणारा शिवरामही हसला.

"मी खरं सांगतोय," बाबा म्हणाले, पण तोवर त्यांचा आवाज बारीक झाला होता.

आणि आईसुद्धा हसली. "थट्टा करायची सवयच आहे त्यांना," ती म्हणाली. बाबांनी जन्मात कधी थट्टा केली नव्हती. तिनं रकान्यात 'शून्य' लिहिलं, सही केली आणि पेन झाकण लावून ठेवलं.

घरतांनी शिक्का मारला. "सुरुवातीला साहेबांना बाजूला बसवत जा, बाई. भीती नाय वाटणार."

"हो, बसवीन," आई म्हणाली.

आम्ही निघालो. दाराजवळच्या टेबलाचा कोपरा बाबांना दिसला नाही. आईनं तिकडे न बघताच त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना हलकेच वळवलं.

"वृंदा, मी सांगितलं गं त्यांना," बाबा म्हणाले.

"मी ऐकलं ना," आई म्हणाली.