एका घराचे दोन शिक्के

मी पाण्याचा घट बोलतोय. रंग मातकट, ओठ जरासा फुटलेला. तैवानच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी चिनी येण्याआधीपासून राहणाऱ्या सिराया लोकांची वस्ती आहे. तिथल्या बान घराण्याचे पितर माझ्यात राहतात. म्हणून मला कुणी चुलीवर चढवत नाही. अमावस्या-पौर्णिमेला पाणी बदलतात, तोंडाशी हिरवी पानं खोचतात, पुढे सुपारी आणि तांदळाची दारू ठेवतात.

मला घडवणारीचं नाव विसरलो. पण इथे जपानचं राज्य असताना त्यांचा फौजदार शिरगणतीला आला तो दिवस लख्ख आठवतो. त्याच्या वहीत डोंगरावरचे लोक 'कच्चे', म्हणजे रानटी, आणि आमच्यासारखे सपाटीवरचे 'शिजलेले', म्हणजे माणसाळलेले! बाजारात आमच्या पोरांची त्यावरून टर उडायची. घरधनी बान सुई घाबरला. त्यानं मला मुळ्याच्या लोणच्याआड सरकवलं आणि सांगून टाकलं, "आम्ही चिनी, साहेब."

शेजारच्या घरात त्याची सख्खी बहीण राहायची. ती म्हणाली, "आम्ही इथलेच. काय लिहायचं ते लिहा."

तिच्या नावापुढे 'शिजलेले' हा शिक्का बसला. भावाच्या नावापुढे 'चिनी'. जपानी गेले, वही मात्र राहिली.

आता मला सांभाळते सुईची नात, कीम-हो. सत्तरी उलटलीय तिची. जुनी गाणी वस्तीत तिला एकटीलाच येतात. सरकार आम्हाला मूळ रहिवासी मानणार असं कळल्यावर ती नवं जाकीट घालून कचेरीत गेली आणि रिकाम्या हाती परत आली.

संध्याकाळी सुईच्या बहिणीचा नातू, तिएन-सेंग, उड्या मारतच आला.

"ताई, मूळ रहिवाशांत माझं नाव लागलं गं!"

"लागणारच. एक गाणं म्हणून दाखव बघू."

"थट्टा नको ना. मला तर घटापुढे कितीदा वाकायचं तेही ठाऊक नाही."

"आणि मी चिनी! कारकून म्हणतो, आजी, तुमच्या आजोबांनीच तसं सांगितलंय." हसत हसत तिनं नवं जाकीट काढून ठेवलं.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. त्या दिवशी लोणच्याआड मी गप्प बसलो नसतो तर?

कीम-होनं हरकत घेतली. आज सुनावणी. टॉवेलात गुंडाळून तिनं मला मांडीवर घेतलंय. टेबलामागची तरुण अधिकारी बोलायला गोड आहे.

"आजी, घट पुरावा म्हणून नाही चालत. जुन्या वहीतली नोंद लागते."

तिएन-सेंग ताडकन उठला. "मग माझंही नाव खोडा! एकाच आईची लेकरं ती दोघं. ही नाही, तर मी कसला?"

"गप बस, वेड्या!" कीम-होनं त्याची बाही ओढली. "हातचं घालवशील."

"जाऊ दे गेलं तर."

ती अधिकारी गोंधळली. "वरिष्ठांना विचारून येते," म्हणत आत गेली. दार बंद झालं. बराच वेळ झाला. कीम-होच्या हातांना घाम सुटलाय, मी निसटेन की काय अशी धाकधूक वाटतेय.

आत बसलेल्या साहेबांनो, माझं एवढंच मागणं. सुई खोटं बोलला ते पोरांना ताठ मानेनं बाजारात जाता यावं म्हणून. त्याच्या भीतीला त्याचं कूळ समजू नका.

कडी वाजली. कीम-हो मला घट्ट धरून उभी राहिली आहे.