फक्त वॉकरसाठी

मी वॉकर बोलतोय. हो, तोच, चार पायांचा, म्हाताऱ्या माणसांना धरून उभं करणारा. धंतोलीतल्या एका दुकानात टांगलेला होतो, तिथून मायाने मला सासूबाईंसाठी घरी आणलं.

कौसल्याबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चालल्या नाहीत तर गुडघा आखडेल, मग कायमचं अंथरूण, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बाई मला हात लावतील तर शपथ! माझ्यावर ओला टॉवेल वाळत घालायच्या. माया हातापाया पडली तेव्हा म्हणाल्या, "मी अशी चार पायाची होऊन बाहेर काहून जाऊ? लोकं हसतीन."

टाके काढायला जाताना मायाने मला बळेच ऑटोत घातलं. येताना गल्ली खोदलेली दिसली, म्हणून ऑटोवाल्याने आम्हाला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बागेच्या फाटकाशीच उतरवलं. फाटकावर पाटी होती, 'सकाळी फक्त वॉकरसाठी'. म्हणजे सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी. पोरांनी क्रिकेट मांडू नये म्हणून. कौसल्याबाईंनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि ताठ झाल्या. "पाह्य वं माया, आपल्यासाठी राखून ठेवली हाये बाग." मायाने हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून आमची स्वारी निघाली. मऊ मातीची वाट, कडुलिंबाची गार सावली. तिथे रोज फिरायला येणाऱ्या वच्छलाबाई भेटायच्या. सुनांच्या गाऱ्हाण्यांत फेरी कधी संपे, कळत नसे. बाईंना भूक लागू लागली, झोप येऊ लागली. आधी माझ्या मुठी गच्च आवळायच्या, आता नुसते हात ठेवायच्या. खरं सांगतो, आनंद व्हायचा आणि आता आपली गरज संपणार, हेही कळायचं.

एकदा कैरी पडली म्हणून वच्छलाबाईंनी हाक मारली, आणि बाई मला बाकाशी सोडून चालत्या झाल्या. कैरी पदरात आल्यावर ध्यानात आलं, की त्या माझ्याविना चालल्या! तरी दुसऱ्या दिवशी मला काखेत मारून निघाल्या, कारण पाटीचा नियम. शेवटी मायाने पाटीचा खरा अर्थ सांगून टाकला. बाई घटकाभर फुगल्या, मग इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

शेजारच्या यमुताईंचं मोडलेलं खुब्याचं हाड जुळून आलं होतं, पण त्या खिडकी सोडत नव्हत्या. कौसल्याबाईंनी मला त्यांच्यापुढे ठेवलं. "उठा वं यमुताई. मलेबी लाज वाटे. खरं त भेव वाटे."

यमुताईंनी खिडकीचा गज सोडला. मग त्यांचे हात माझ्या मुठींवर आले.

तर मंडळी, आता माझा मुक्काम यमुताईंकडे, आणि उद्या बागेत जायचंय. तुमच्या घरी कुणी असं खिडकीशी बसून असेल, तर त्यांना झाडाखाली न्या. लागलाच तर माझ्यासारखा एखादा सोबत द्या. आणि एखाद्या दिवशी ती माणसं आम्हाला बागेतच विसरून आली, तर शोधायला येऊ नका.