लाल कुलूप

साहेबांनी टिश्यू पेपरचा डबा माझ्याकडे सरकवला, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आपण पुन्हा हरणार.

"असू दे, असू दे," ते म्हणाले. "चूक कोणाकडूनही होते. चावी इथे ठेवा आणि घरी जा."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते चूक उमगली म्हणून नव्हे. मला राग आला की रडू येतं. लहानपणापासून हेच. माणसं चिडली की त्यांचा आवाज चढतो. माझं नाक गळायला लागतं. लिफ्ट मेकॅनिकचा कोर्स करायचा म्हणून वडिलांशी भांडले तेव्हाही असंच झालं, आणि ते आईला म्हणाले, "बघ, तिलाही मनातून नकोच आहे." त्या रडण्यापायी माझं एक अख्खं वर्ष गेलं. पुढे कोर्स केला, नोकरीला अठरा वर्षं झाली, हातांना ग्रीसचा वास कायमचा चिकटला. रडणं मात्र सुटलं नाही. मी बरोबर असते तेव्हा तर जास्तच येतं.

"साहेब, ब्रेकचे पॅड झिजलेत," मी नाक पुसत म्हणाले. "लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबतेय. आज चार बोटं, उद्या चार फूट, आणि परवा थांबणारच नाही."

"नवे पॅड आठ दिवसांत येतायत. तोवर हळूहळू चालवू."

"लिफ्ट काय सायकल आहे, हळूहळू चालवायला?"

हे मी ठणकावून म्हणायला हवं होतं. निम्मं हुंदक्यातच गेलं. साहेबांनी डबा आणखी जवळ सरकवला.

प्रकरण आदल्या दिवशीचं. सकाळी त्या पाच मजली इमारतीच्या मशीन रूममध्ये मी मेन स्विच बंद केला, त्याला माझं लाल कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली. आमच्या कामात एक नियम आहे: ज्याचं कुलूप, त्याचीच चावी. दुसरी चावी नसतेच. कारण कुलूप लावणारा खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असू शकतो, आणि कोणा शहाण्याने वरून स्विच चालू केला तर खालच्याचं काही खरं नाही. इथवर मी बरोबर होते. त्यानंतर मात्र तळमजल्यावर 'लिफ्ट बंद' अशी पाटी अडकवली, इमारतीत कोणाला धड काही सांगितलं नाही, अर्ध्या दिवसाची रजा होती म्हणून फोन बंद केला आणि नणंदेबरोबर दुपारच्या खेळाला गेले.

सिनेमा नणंदेच्या आवडीचा. तिला त्यातला हिरो आवडतो. तो ढगांतून उडतो तरी त्याचा भांग मोडत नाही. मला आवडली ती त्यातली काजळी नावाची बाई. शहराला पुरापासून वाचवणारे दरवाजे हिनेच बांधलेले. पाणी येणार हे ती तीनदा सांगते, कोणी ऐकत नाही, तेव्हा ती सगळे दरवाजे स्वतःच बंद करते आणि चावी घेऊन बसते. बाहेर राहिलेल्यांत तिचा सख्खा भाऊही असतो. बाई काही गुणाची नाही. त्याआधी तिने एका पहारेकऱ्याचा हात मोडलेला, आणि बोलणं असं खवचट की मी तिला घरी चहालाही बोलावलं नसतं. पण हिरो चावी मागायला येतो तेव्हा ती रडते. सिनेमातल्या बायका रडतात तशी नाही. नाक लाल, तोंड वेडंवाकडं. हिरोला वाटतं, झालं, विरघळली. तो हात पुढे करतो. आणि ती रडत रडत मूठ आणखी घट्ट आवळते.

मी खुर्चीच्या कडेवर आले होते. ती रडत होती आणि देत नव्हती. असं करता येतं, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

"वहिनी, ती व्हिलन आहे," नणंद माझ्या कानाशी लागली.

"असेल. पण तिचं बरोबर आहे."

"सख्ख्या भावाला बाहेर ठेवलं तिने."

"ते चूकच. तू आता गप्प बस."

बाहेर येऊन फोन चालू केला तर सतरा मिस्ड कॉल. चौथ्या मजल्यावरचे आजोबा गुडघ्यात इंजेक्शन घेऊन परतले होते आणि चार तास खालच्या बाकावर बसून होते. शेवटी दोघांनी त्यांना खुर्चीत घालून वर नेलं. इमारतीच्या लोकांनी साहेबांना फोन केला. म्हणून दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर होते, आणि मध्ये टिश्यूचा डबा होता.

"आजोबांची माफी मागते," मी म्हणाले. "फोन बंद ठेवला ते माझं चुकलं, लिहून देते. चावी देणार नाही."

"अहो, पण तुम्ही रडताय."

"रडतेय. देत नाहीये."

साहेब गोंधळले. माझं रडणं आणि माझं बोलणं त्यांना पहिल्यांदाच वेगवेगळं ऐकू आलं असावं. मी डब्यातले चार टिश्यू घेतले आणि बाहेर पडले. त्या दिवशी मी इतक्या तोऱ्यात घरी गेले की नणंदेचा हिरोही मागे पडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांची माफी मागायला गेले तर लिफ्ट चालू. वॉचमनच्या टेबलावर माझं लाल कुलूप पडलं होतं, कडी कापलेली.

"काल संध्याकाळी तुमच्याच कंपनीची माणसं आली होती," वॉचमन म्हणाला. "कटर घेऊन. दोन मिनिटांत झालं."

सिनेमात कोणाकडे कटर नव्हता. मी कुलूप उचललं. खिशात चावी होती, तिचं आता काय करायचं ते कळेना. डोळे भरून आले. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

"आलीस का?" मागून आवाज आला. आजोबा त्याच बाकावर पेपर घेऊन बसले होते. "चार तास बसवलंस मला इथे. लघवीला जायची सोय नाही. कुठे मेली होतीस?"

"सिनेमाला. चुकलं आजोबा."

"चुकलंच."

"पण आता तर लिफ्ट चालू आहे. वर नाही गेलात?"

"पेपर आणायला लिफ्टनेच खाली आलो. मग टेबलावर हे दिसलं." त्यांनी काठीने माझ्या हातातल्या कुलपाकडे दाखवलं. "चावी तू दिलीस का त्यांना?"

मी खिशातून चावी काढून दाखवली.

"मी तीस वर्षं बॉयलरवर काम केलं," ते म्हणाले. "दुसऱ्याचं कुलूप कापून चालू केलेल्या यंत्रात मी पाय ठेवत नाही. म्हणून पुन्हा इथेच बसलोय. तुझ्याच पायी. चल, धर मला."

चार मजले, अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. एका हातात कठडा, एका हातात काठी, आणि त्यांच्या काखेत माझा हात. प्रत्येक पायरीला ते मला बोल लावत होते. शेजारून लिफ्ट माणसं भरून वर जात होती, खाली येत होती. खालच्या मजल्यावर तिचं दार उघडलं की लोक अडखळत वर पाय टाकायचे, ते मला जिन्यातून ऐकू येत होतं.

दुसऱ्या मजल्यावर आजोबा धापा टाकत थांबले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. राग आलाय."

"मग असू दे," ते म्हणाले आणि त्यांनी वरच्या पायरीवर काठी टेकली.