एका ओट्याचे दोन

“वैनी, हे डबं उचला. भिंत हितनंच येणार,” म्हणत जोतीराम मिस्त्रीनं काळ्या ग्रॅनाईटवर खडूची रेघ ओढली. मागच्या टाइल्सपासून ओट्याच्या कडेपर्यंत, सरळ. शेगडी रेघेच्या अलीकडं राहिली, सिंक पलीकडं गेलं.

राजमतीनं मिठाची बरणी उचलली, हळदीचा डबा उचलला आणि कुठं ठेवावेत ते न सुचून दोन्ही पोटाशी धरून उभी राहिली.

“मग मी भांडी घासायची कुठं?”

“तुमच्यात नवीन सिंक बसंल की. त्यात काय!”

“आणि भाग्यश्री सैपाक कशावर करणार?”

“त्यांचं काय न्हाई, त्यांचा सगळा ओटा नवीनच हुणार हाय,” जोतीराम टेप गुंडाळत म्हणाला. “ह्यो दगड मात्र लई चांगला बघा. कापायचं जिवावर येतंय.”

राजमतीच्याही जिवावर आलं होतं, पण तिला विचारलं कुणी? मगदूम बंधूंचं मोटारपंपांचं दुकान संक्रांतीनंतर दोन झालं. थोरला श्रीपाल एका गाळ्यात, धाकटा वृषभ दुसऱ्यात. दुकानामागून शेत वाटलं गेलं, आणि मग कसबा बावड्यातल्या बंगल्याची पाळी आली. खोल्या दोन्ही अंगांना सारख्याच होत्या, त्यांचं काही अडलं नाही. स्वयंपाकघर तेवढं एकच होतं आणि ते नेमकं मधोमध. श्रीपाल जेवताना म्हणाला, “उद्या मिस्त्री येणार हाय,” आणि ताक मागितलं. बायकोला सांगायचं ते एवढंच.

जैन बस्तीत दर्शनाला येणाऱ्या बायका हळहळायच्या, तेव्हा राजमती त्यांचीच समजूत घालायची. “पुरुषांचं बिनसलंय. आम्हा दोघींत काय सुद्धा न्हाई. सख्ख्या भनी राहणार न्हाईत असं आम्ही राहिलोय.”

आणि ते तिला मनापासून खरं वाटत होतं. वृषभशी लग्न होऊन भाग्यश्री आली तेव्हा तिला धड पोळी लाटता येत नव्हती. राजमतीनं तिला सगळं शिकवलं. सासू गेली तेव्हा धाकटीच्या बारीकसारीक गोष्टी हिनंच पाहिल्या. आदिती झाली तेव्हा बाळंतिणीला हात लावू न देता पोरीला न्हाऊ घातलं ते राजमतीनंच. थंडी पडली की भाग्यश्रीची पाठ धरायची. मग थोरली जाऊ तेल कोमट करून तिच्या कमरेपासून मानेपर्यंत चोळून द्यायची. स्वतःचा मुलगा अभिनंदन बंगळूरला नोकरीला लागला, त्याच्या बायकोशी ती फोनवर जेवढं बोलत नसे तेवढं या जावेशी भाजी निवडताना बोलत असे. भाग्यश्री ऐकायची. कधी उलटून बोलली नाही.

हा काळा दगडही दोघींनी मिळून आणला होता. जुना कडप्पा काढून ग्रॅनाईट बसवायचं ठरलं तेव्हा दोघी शिरोलीच्या बाजूला गोदामं फिरल्या होत्या. भाग्यश्री एका तांबूस दगडापाशी थोडा वेळ थांबली होती. “लाल नको गं, तेल पडलं की डाग उठून दिसतोय,” राजमती म्हणाली. “तुम्ही म्हणाल तसं, अक्का.” मिस्त्रीनं उंची विचारली तेव्हा राजमतीनं आपल्या कमरेला आडवा तळवा लावून दाखवला होता, “हितवर.” दोघींनी मिळून पसंत केलेला ओटा म्हणून पुढं कितीतरी वर्षं ती आल्यागेल्याला तो दाखवत असे.

त्यामुळं खडूची रेघ पुसली जाणार नाही हे कळल्यावर तिनं आपल्यापुरती एक तोड काढली. दुसऱ्या दिवशी ती भाग्यश्रीला म्हणाली, “चल, दोघी मिळून जाऊया दगड बघायला. माझीपण अर्धी बाजू काढून टाकतो. दोघींचा एकच दगड घेऊया. मधी भिंत पडू दे की पडायची तर. अलीकडं पलीकडं ओटा एकच.”

भाग्यश्री कणीक मळत होती. तिनं वर न बघता म्हटलं, “कशाला अक्का, ह्या उन्हातनं?”

“ऊन काय आजच पडलंय व्हय? चल.”

विजयसिंहाच्या गोदामात मोठमोठ्या स्लॅबा लोखंडी घोड्यांना टेकून उभ्या होत्या. वरच्या पत्र्यामुळं आत भट्टीसारखं तापलं होतं. राजमती एकेका दगडासमोर जाऊन उभी राहिली. पॉलिशवर धूळ बसलेली, रंग कळेना. तिनं पर्समधली पाण्याची बाटली काढली, ओंजळभर पाणी मारलं आणि पदरानं पुसलं. खालून हिरवा रंग वर आला, गर्द, आत पिवळसर शिरा. ती हरखली. “हे बघ! हे बघ की गं इकडं येऊन! केवढी लांब हाय. दोघींच्यात बसंल.”

भाग्यश्री दारापाशीच थांबली होती. तेवढ्यात ऑफिसातून विजयसिंह बाहेर आला आणि तिला बघून मोठ्यानं म्हणाला, “या या वैनी! तुमची स्लॅब ठेवलीया बघा राखून. दिवाळीपास्नं तिघाचौघांनी मागितली, कुणाला दिली न्हाई. माप तेच न्हवं? उंची जास्ती घ्यायची म्हणालता, जोतीरामला सांगून ठेवलंय.”

कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कागदाखाली एक पांढरी स्लॅब होती, राखाडी रेषांची. कागदावर मार्करनं ‘सौ. मगदूम’ लिहिलेलं.

राजमतीच्या हातातल्या बाटलीतून पाणी पायावर सांडलं. ती हिशेब करायला लागली आणि हिशेब जमेना. दिवाळीत घरात फराळ एकत्र झाला होता. भाऊबीजेला दोघे भाऊ एका पाटावर बसून बहिणीकडून ओवाळून घेत होते. पहिला वाकडा शब्द निघाला तो संक्रांत झाल्यावर.

विजयसिंह चहा सांगायला गेला.

“दिवाळीत तर सगळं चांगलं होतं की,” राजमती म्हणाली.

“तुमच्याकडनं चांगलं होतं, अक्का.”

“म्हणजे वृषभच्या डोक्यात हे…”

“मीच घातलं. लई वर्षं सांगतोय त्यांना. भावापुढं तोंड उघडायचं धाडस हुईना त्यांचं. यंदा उघडलं.” भाग्यश्रीचा आवाज चढला नव्हता. रोज ‘डाळ शिजली’ म्हणायची त्याच आवाजात ती बोलत होती.

“मी तुझं काय वाईट केलं गं?”

“वाईट केलं असतासा तर बरं झालं असतं. भांडलो असतो. माहेरी जाऊन रडलो असतो. तिथं जाऊन काय सांगू? जाऊ लई माया करती म्हणून सांगू?” तिनं पदरानं कपाळ टिपलं. “इतक्या वर्षांत आमटीत मीठ किती घालायचं ते मी एकदा ठरवलं न्हाई. भाजी कुठली ते तुम्ही. पोरीला पहिला घास कशाचा, तेबी तुम्ही. मी चिरून दिलं, निवडून दिलं. घरात सून म्हणून आलो आणि सूनच राहिलो. सासू गेल्या, तरीबी सूनच राहिलो. तुम्ही माझ्या पाठीला तेल लावतासा, अक्का. पाठ कशानं दुखती ते कधी विचारलासा?”

राजमतीनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. “मग बोलायचं न्हाई होय तू? मी काय मारलं असतं?”

“बोललो की. ह्यो ओटा बसवताना बोललो, जरा उंच घेऊया, मला वाकाय लागतंय. तुम्ही हसलासा. म्हणालासा, वाकलेलीच सून घराला शोभती.”

राजमतीनं आठवून पाहिलं. तांबूस दगड आठवला, मिस्त्री आठवला, त्या दिवशी परत येताना दोघींनी उसाचा रस घेतलेला आठवला. ते वाक्य मात्र काही केल्या आठवेना. पण ते आपणच बोललो असणार याची तिला खात्री पटली, कारण वाक्य तिच्या ओळखीचं होतं. तिची सासू तिला तेच म्हणायची. ते ऐकून रात्री उशीत तोंड खुपसून आपण किती रडलो होतो, ते तिला लख्ख आठवलं.

विजयसिंह चहा घेऊन आला. “काय मग थोरल्या वैनी, हिरवा फायनल?”

“न्हाई,” राजमती म्हणाली. “माझा हाय तो चांगला हाय.”

परतीच्या रिक्षात दोघी शेजारी बसल्या होत्या. कारखान्याच्या वळणावर रिक्षा कलली तेव्हा भाग्यश्रीनं सवयीनं तिचा दंड धरला आणि वळण संपताच सोडला.

ओटा कापला त्या दिवशी भाग्यश्री आदितीला घेऊन माहेरी गेली होती. जोतीरामनं कटर सुरू केला. त्याचा माणूस पाणी ओतत राहिला. काळा चिखल ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून मोरीकडं वाहायला लागला. आवाज असा, की दातांच्या मुळापर्यंत जावा. श्रीपाल दारातून ओरडला, “तू कशाला उभी हाईस तिथं? धूळ जाईल नाकात!” ती हलली नाही. रेघेवर दगड सुटला, तसा पलीकडचा अर्धा भाग काढायला घेतला. तो भिंतीत घट्ट बसलेला होता, सरळ निघेना. शेवटी जोतीरामनं घण मागवला आणि फोडूनच काढला. तुकडे पाटीत भरून मागं सीताफळाच्या बुंध्याशी टाकले गेले. संध्याकाळपर्यंत भिंत छातीएवढी आली. तिसऱ्या दिवशी ती छताला टेकली.

श्रीपाल धाकट्या भावाला शिव्या द्यायचा. “वृषभला कुणीतरी फितवलंय. बाजारातल्या कुणाचंतरी काम हाय हे.” राजमती ऐकून घ्यायची. गोदामातलं बोलणं तिनं त्याला सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. बस्तीत एक बाई म्हणाली, “भाऊ भांडले, पण तुम्ही जावा जावा तरी एक हाईसा, हे एक बरं हाय,” तेव्हा ती “व्हय” म्हणाली आणि चपला शोधायला वाकली.

दोघांचा स्वयंपाक तिला जमेना. आमटी रोज उरायची. एकदा तिनं नवऱ्याला विचारलं, “मीठ बरं हाय का?”

श्रीपाल चकित होऊन बघायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता. “नेहमीसारखंच हाय की,” तो म्हणाला. “का?”

“काय न्हाई.”

पलीकडं नवा ओटा बसला. दूध उतू घालायचं म्हणून भाग्यश्री स्वतः बोलवायला आली, हळदीकुंकवाची कोयरी घेऊन, नव्या फाटकानं बाहेर पडून रस्त्यानं वळसा घालत. “या हं अक्का. नक्की या.” श्रीपाल म्हणाला, जायचं नाही. राजमती इरकल नेसून गेली.

हॉलमध्ये तिला सोफ्यावर बसवलं. भाग्यश्रीच्या माहेरच्या बायका होत्या, त्यांनी सरकून जागा केली. तिथून स्वयंपाकघर दिसत होतं. पांढऱ्या दगडावर उजेड पडून खोली मोठी वाटत होती आणि भाग्यश्री ताठ उभी राहून पोहे परतत होती. इतकी उंच आहे ही, राजमतीच्या मनात आलं. फोडणीचा वास आला, त्यात शेंगदाणे जरा जास्त भाजल्यासारखे वाटले. ती बोलायला गेली आणि गप्प बसली.

आदितीनं ट्रे आणला. काचेच्या डिशमध्ये पोहे, वर खोबरं, शेजारी पाण्याचा पेला. मग चहा. पोहे चांगले झाले होते. मीठ राजमतीच्या हातापेक्षा कमी होतं आणि ते तसंच बरं लागत होतं.

चहा संपल्यावर ती कप-डिश घेऊन उठली आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं चालायला लागली. उंबऱ्याशी भाग्यश्री सामोरी आली. तिनं हसून दोन्ही हातांनी कप काढून घेतला.

“राहू दे की अक्का. पावण्यांनी कप उचलायचा असतोय व्हय? बसा तुम्ही निवांत.”

हसण्यात टोमणा नव्हता. राजमतीनं नीट बघितलं, अजिबात नव्हता.

ती परत येऊन सोफ्यावर बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, “तुम्ही इथंच जवळ राहता का?” राजमतीनं मान डोलावली, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून ते मांडीवर एकावर एक ठेवून दिले.