शेऱ्याचा रकाना

सहाला सात मिनिटं कमी होती आणि बटणची आई अजून आली नव्हती.

बाकीची एकवीस मुलं गेली होती. केंद्र चालवणाऱ्या ताईने आठवडाभर आधीपासून प्रत्येकाच्या आईबापाच्या कानावर घातलं होतं, की बुधवारी काहीही झालं तरी सहाच्या आत या, त्या दिवशी तपासणी आहे. सगळे आले. एक जण तर धापा टाकत, कामाच्या बुटांसकट आला. राहिली ती बटण. दुसरीतली पोर, फ्रॉकचं वरचं बटण चावायची सवय म्हणून हे नाव. तिची आई माल भरायच्या गोदामात होती, आणि तिथे शेवटची गाडी भरून झाल्याशिवाय कुणाला सोडत नसत.

ताई हातात कुलूप घेऊन दाराशी उभी होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर खुर्चीकाका मांडीवर तक्ता घेऊन बसले होते, आणि नियमाप्रमाणे काही बोलत नव्हते.

खुर्चीकाका हेही मुलांनीच ठेवलेलं नाव. शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून येईपर्यंत मुलांना सांभाळणारी, अभ्यास घेणारी, खेळवणारी बेचाळीस केंद्रं त्यांच्या ऑफिसच्या हाताखाली होती. ती कशी चालतात ते बघायचं, गुण द्यायचे आणि कुठे काय सुधारायला हवं ते लिहायचं, हे काकांचं काम. अकरा वर्षं ते हेच करत होते. नियम असा, की कोपऱ्यात बसायचं, दिसेल ते लिहायचं, मुलांशी बोलायचं नाही, मदत करायची नाही. चेंडू पायाशी आला तरी उचलून द्यायचा नाही. पोरं महाबिलंदर. ती मुद्दाम चेंडू पायाशी घरंगळवायची आणि काका हलतात का ते बघायची. काका हलायचे नाहीत. एका मुलाने तर ते मुके आहेत असं घरी जाऊन सांगितलं होतं. दुसऱ्याने त्यांचं चित्र काढलं, तर खुर्चीला सहा पाय काढले, चार खुर्चीचे आणि दोन काकांचे. ते चित्र काकांनी घरी नेलं होतं. तेही नियमात बसत नव्हतं, पण कागदच तो, कुणाला कळणार?

माणूस नाकासमोर चालणारा. आधी शाळेत कारकून होते, तिथेही हजेरीपटावर कधी खाडाखोड केली नाही. बायको म्हणायची, "तुम्हाला माणसं दिसत नाहीत हो, रकाने दिसतात." काका हसून सोडून द्यायचे. कारण त्यांचा एक अभिमान तिला ठाऊक नव्हता. तक्त्यात शेवटी 'शेरा' म्हणून एक मोठा मोकळा रकाना होता. बाकीचे तपासनीस तिथे 'समाधानकारक' लिहून मोकळे व्हायचे. काका तो रकाना घरी येऊन, हात धुऊन, नीट बसून भरायचे. कुठलं मूल का मागे पडतंय, कुठली ताई कुणावर उगाच डाफरते, पाण्याचं पिंप किती वर ठेवलंय, सगळं. आपण काही सुधारत असू तर ते या रकान्यातून, असं त्यांना मनापासून वाटायचं. गुण काय, कुणीही देईल.

या केंद्राला त्यांनी दीड महिन्यापूर्वी शंभरात एकोणसाठ गुण दिले होते. खोली एकच, मैदान नाही, ताईला मदतनीस नाही. हे गुण गेलेच. त्यात एक कलम होतं, केंद्र सहाला बंद व्हावं आणि त्यानंतर कार्यकर्तीजवळ एकही मूल नसावं, कारण ऑफिसची जबाबदारी सहापर्यंतच. ताई तर रोज सात, साडेसातपर्यंत बसायची. ज्याचं कुणी आलं नाही त्याला ती टाकून जात नसे. काकांनी दिसलं ते लिहिलं, शून्य. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. कमी गुण मिळाले की मदतनीस मिळते, सामान मिळतं, हा आजवरचा रिवाज. या खेपेला पोरीला मदतनीस मिळवून देऊ, म्हणून खुशीतच त्यांनी तक्ता पाठवला होता.

आणि मग नवं पत्रक आलं. साठच्या खालची केंद्रं बंद.

काकांनी पत्रक दोनदा वाचलं. एका गुणाने गेलं, आणि तेही आपल्या हाताने. बावीस मुलं कुठे जाणार? ते साहेबांकडे गेले, अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलावल्याशिवाय गेले, आणि हातापाया पडून एक फेरतपासणी मंजूर करून आणली. आज सहाला कुलूप लागलं, तर त्या कलमाचे पाच गुण मिळणार होते. चौसष्ट. केंद्र वाचणार होतं.

सहाला चार कमी. ताईने खिडकीतून एकदा रस्ता बघितला. मग ती मागे वळली.

"साहेब, शून्य लिहा," ती शांतपणे म्हणाली. "हिला जिन्यात ठेवून मी कुलूप नाही लावणार."

बटणला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण आपल्यामुळे काहीतरी अडलंय एवढं त्या वयातही कळतं. तिने दप्तर पाठीला लावलं आणि म्हणाली, "मी एकटी थांबते ना खाली. मला येतं थांबता."

काकांना ते फार लागलं. त्यांचा स्वतःचा मुलगा लहानपणी शाळेच्या फाटकाशी रखवालदाराजवळ असाच थांबायचा. त्याची आई दवाखान्यात नर्स, काका शाळेतला हिशेब जुळेपर्यंत उठायचे नाहीत. तोही कधी तक्रार करत नसे. आता तो दूर असतो, रविवारी फोन करतो, बोलतो आणि ठेवतो.

काका खुर्चीवरून उठले.

"चल बटण," ते म्हणाले, "समोरच्या बाकावर बसू. आई आली की तिथून दिसेल."

बटणच्या तोंडातलं बटण सुटलं. "तुम्ही बोलता?"

"थोडं थोडं."

ताईने त्यांच्याकडे बघितलं. बरोबर सहाला तिने दार लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि नियमाप्रमाणे घरी निघाली. म्हणजे निघाली आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. तिथून ती पन्नास मिनिटं हलली नाही. समोर बसथांब्याच्या बाकावर काका आणि बटण बसले होते. पोरीने पन्नास मिनिटांत अकरा वर्षांची कसर भरून काढली. तुम्हाला घर आहे का, खुर्ची घरी नेता का, तुम्हाला कुणी न बोलायची शिक्षा केली होती का. काकांनी सगळ्याची उत्तरं दिली. सातला दहा कमी असताना तिची आई धावत आली, काकांना बघून घाबरली, आणि मग कोपऱ्यावर ताईला बघून तिच्या जिवात जीव आला.

त्या संध्याकाळी काका हात धुऊन टेबलाशी बसले. सहाला केंद्र बंद, पाच गुण. एकूण चौसष्ट. आणि मग तक्त्याच्या तळाचा प्रश्न आला. तपासनिसाकडून मुलांशी बोलणे अथवा मदत करणे झाले काय? हो, नाही. हो असेल तर साहेबांनी शेरा वाचून तपासणी ग्राह्य धरायची की नाही ते ठरवायचं, असं खाली बारीक अक्षरात होतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं होतं. ती म्हणाली, "'नाही' लिहा आणि जेवायला उठा. कोण बघायला आलं होतं?"

काका बराच वेळ पेन धरून बसले. 'नाही' लिहावंसं त्यांना वाटत होतं, खरंच वाटत होतं. पण हात वळेना. आणि हात वळेना याचं खरं कारण काय, ते त्यांनी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. खोटं लिहायची भीती होती, की शेऱ्याचा गर्व? "शेरा आहे ना," ते म्हणाले. "शेऱ्यात सगळं लिहितो. वाचणारा माणूसच आहे, त्याला कळेल." त्यांनी 'हो' वर खूण केली आणि शेऱ्याचा रकाना काठोकाठ भरला. असा शेरा त्यांनी जन्मात लिहिला नव्हता.

नवव्या दिवशी पत्र आलं. फेरतपासणी बाद, केंद्र बंद.

काका साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, माझ्यापुढे यादी येते, तुमच्या नावापुढे बाद आलं, मी सही केली. शेरा वाचलात का, काकांनी विचारलं. कुठला शेरा, असं साहेबांनी विचारलं आणि त्यांना आकडे भरणाऱ्या मुलीकडे पाठवलं. मुलगी गोड होती. तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला.

"काका, शेऱ्याला यात जागाच नाहीये. फक्त गुण, वेळ आणि हो-नाही. चार वर्षं झाली."

"मग कागद कुठे जातात?"

"मागच्या खोलीत. गठ्ठे बांधून."

परत जाताना साहेब दारात भेटले. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "'नाही' लिहायचं होतंत. मी काय तपासायला येणार होतो तुम्हाला?" बायको जे म्हणाली तेच साहेब म्हणत होते. म्हणजे साऱ्या जगाला ठाऊक होतं, एक हेच बसले होते हात धुऊन शेरे लिहीत.

केंद्र बंद करताना सामानाची यादी करायला कुणीतरी जावं लागतं. ते कामही तपासनिसाचंच. शुक्रवारी दुपारी काका गेले, तेव्हा मुलं नव्हती. ताई गोष्टींची पुस्तकं खोक्यात भरत होती. जिन्यातून वर येताना काकांनी मनाशी ठरवलं होतं, की ती चार शब्द सुनावेल तर निमूटपणे ऐकून घ्यायचे. तिने नेहमीची खुर्ची पुसून पुढे केली. त्यापेक्षा ऐकून घेणं सोपं गेलं असतं.

चटया सहा. फळा एक. पाण्याचं पिंप एक. काका लिहीत गेले. मग कपाट राहिलं, म्हणून ताईने कपाट उघडलं, आणि दाराच्या आतल्या बाजूला काकांना स्वतःचं अक्षर दिसलं.

प्रत्येक तपासणीची एक पिवळी प्रत केंद्राला मिळायची. ताईने त्या सगळ्या प्रतींतले शेरे कापून, तारखेप्रमाणे एकाखाली एक चिकटवले होते. सहा वर्षांचे. 'पिंप उंच आहे, लहान मुलं दुसऱ्याकडे पाणी मागतात आणि मग मागत नाहीत.' बाजूला ताईच्या अक्षरात, 'खाली घेतलं.' 'खिडकीजवळचा मुलगा फळ्यावरचं वाचत नाही, शेजाऱ्याचं बघून लिहितो.' बाजूला, 'चष्मा लागला.' 'ताई हुशार मुलांकडे बघून प्रश्न विचारतात.' बाजूला, 'खरं आहे,' आणि पुढे दुसऱ्या शाईत, 'आता नाही.'

"मला कुणी शिकवलं नव्हतं हे काम," ताई म्हणाली. "तुमच्या शेऱ्यांवरच शिकले. ते पत्र आलं ना काका, तेव्हा आधी वाटलं, आता शेरे बंद होणार."

काका वाचत राहिले. सगळ्यात खाली फेरतपासणीचा शेरा होता, पूर्ण पानभर. त्याची शेवटची ओळ होती, 'या केंद्रात सहानंतर जे घडतं त्याला तक्त्यात कलम नाही, ते असायला हवं.' त्याच्या बाजूला ताईने काही लिहिलं नव्हतं. काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवायची खटपट केली नाही.

सहा वाजत आले. यादीवर सह्या झाल्या. खाली एकच रकाना राहिला होता, कुलूप लावल्याची वेळ. ताईने खिडकी ओढली, आणि तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दप्तर पाठीला लावून बटण दारात उभी होती.

"आईला दुसरं काही मिळालं नाही अजून," ती म्हणाली. "ती म्हणाली, आजच्या दिवस ताईंकडे थांब."

ताईने काकांकडे बघितलं. काकांनी यादी घडी करून खिशात ठेवली. गुंडाळलेल्या चटयांतली एक ताईने पुन्हा पसरली. बटणने दप्तरातून पाढ्यांची वही काढली आणि बाहेरून चेंडू आणला होता तोही काढला. चेंडू घरंगळत खुर्चीपाशी आला. काकांनी तो उचलून दिला. खूप वेळा दिला.

बटणची आई आली, गेली. ताईने कुलूप लावून किल्ली काकांच्या हातात ठेवली आणि त्यांना वाकून नमस्कार केला. काकांनी जिन्यातल्या दिव्याखाली यादी उघडली, घड्याळ बघितलं, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, सात वाजून दहा मिनिटं. ऑफिसातल्या आकडे भरणाऱ्या मुलीच्या पडद्यावर वेळेला तरी जागा होती.