बोर्ड नंबर सतरा

ओव्हरसियरला खात्यात अकरा वर्षं झाली होती आणि अकराही वर्षं तो हंगामी होता. म्हणजे उन्हातान्हातली पायपीट आणि शिव्या कायमच्या, नेमणूक तेवढी तात्पुरती. यंदा मात्र त्याला कायम करण्याची फाईल मोठ्या साहेबांच्या टेबलापर्यंत पोहोचली होती. साहेबांनी तिच्यावर पेपरवेट ठेवला आणि म्हणाले, "जलवाट नीट पार पाड, मग बघू."

जलवाट म्हणजे नदीतली सार्वजनिक वाट. लोकांनी होड्या घेऊन यावं, बारा किलोमीटर वल्हवावं, मधल्या धक्क्यांवर डबा खावा आणि सुखाने घरी जावं. कल्पना झकास होती, उगाच नावं का ठेवा. ओव्हरसियरने महिनाभर नदी पालथी घातली, खडक न् भोवरे टिपून घेतले आणि चोवीस बोर्ड उभे केले. त्यातला सतरावा महत्त्वाचा: 'पुढे बंधारा. होडी डाव्या काठाला घ्या.' बंधारा वळणाआड होता. होडीतून तो दिसेपर्यंत उशीर झालेला असे, आणि पलीकडे दोन पुरुष खाली नुसते दगड.

साहेब पाहणीला आले ते गाडीतून. रस्ता नदीच्या कडेकडेनेच जात होता.

"या बोर्डांची पाठ का दिसतेय मला?"

"साहेब, ते होडीवाल्यांनी वाचायचेत."

"पाहणीचा रिपोर्ट होडीवाले लिहिणार आहेत का? मला वाचता आलं पाहिजे."

ओव्हरसियरने तोंड उघडलं, पण तेवढ्यात पेपरवेट आठवला. दोन दिवसांत चोवीसच्या चोवीस बोर्डांनी नदीकडे पाठ फिरवली. मागच्या बाजूलाही लिहावं म्हटलं, तर मंजुरी एकाच बाजूची होती.

घरी बायकोला हे सांगायची त्याची छाती झाली नाही. ती वल्हवण्यात पटाईत, ऐकलं असतं तर तिने त्याला सोलूनच काढलं असतं. पण उद्घाटनाला तिच्याकडे बिल्ले वाटायचं काम होतं, आणि साहेबांची होडी फोटोपुरती जाऊन परतणार होती. तेवढ्यावर त्याने मनाची समजूत घातली, तरी रात्री जेवण काही गोड लागलं नाही.

उद्घाटनाच्या सकाळी साहेबांच्या नावाड्याचा खांदा आखडला. बायकोने बिल्ल्यांची पेटी खाली ठेवली, वल्हं उचललं आणि होडीत बसली. साहेब जन्मात पहिल्यांदा पाण्यावर गेले होते. दहा मिनिटांत त्यांना ते इतकं मानवलं की परत फिरायच्या जागी त्यांनी हात पुढे केला. म्हणजे थेट शेवटपर्यंत.

काठावरून ओव्हरसियर होडीमागे धावत सुटला. हाका मारल्या, पण लाउडस्पीकरवर साहेबांच्याच दूरदृष्टीचं कौतुक चाललं होतं. त्याने स्कूटरला किक मारली. वाटेत एकूण एक बोर्ड त्याला स्वच्छ वाचता आला आणि प्रत्येक बोर्डागणिक तो स्वतःला शिव्या घालत गेला.

सतरावा त्याने गदागदा हलवला. काम आपल्याच खात्याचं, म्हणून तिसऱ्या हिसक्याला उपटून हातात आला. तो घेऊन ओव्हरसियर कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि अक्षरं नदीकडे करून उभा राहिला. वळणावर होडी आली. बायकोने वाचलं आणि सगळा जोर लावून होडी डावीकडे ओढली. होडी काठाच्या चिखलात रुतली. साहेब उताणे पडले, पण शाबूत होते. बायको उतरली, आधी बंधाऱ्याकडे बघितलं, मग बोर्ड उपटलेल्या खड्ड्याकडे, मग नवऱ्याकडे.

"बोर्डाचं तोंड रस्त्याकडे होतं?" तिने विचारलं.

तो बोर्ड घेऊन पाण्यातून वर आला.

साहेबांनी सदऱ्यावरचा चिखल पुसला. "बोर्ड फिरवता येतो, हे आधी का नाही सांगितलंस?"

आठवड्याभरात ऑर्डर आली. ओव्हरसियर कायम झाला. नवं पद: फलकधारक, बोर्ड नंबर सतरा. होडी आली की अक्षरं पाण्याकडे करायची, साहेबांची गाडी आली की रस्त्याकडे.

दर रविवारी बायको तिच्या मंडळाबरोबर वळणावरून येते. बोर्ड वाचते, होडी डावीकडे घेते आणि जाता जाता त्याचा डबा काठावर ठेवते. तो मानेनेच पोच देतो. हात बोर्डाला असतात.