उतरत्या खांद्याचा कोट

त्या दोन शिंपी भावांच्या अबोल्याला आता फक्त वाळवी लागायची बाकी होती, इतका तो जुना झाला होता. दुकान एकच, मधोमध पडदा. थोरला अलीकडे कापायचा, धाकटा पलीकडे शिवायचा. कापलेलं कापड पडद्याखालून पायानं सरकवलं जाई आणि त्यावर खडूनं लिहिलेलं असे, ‘बाही नीट लाव, गाढवा.’ शिवून परत येताना त्याखाली उत्तर, ‘आधी सरळ काप.’ असल्या भांडणात शिवलेले कोटही बिघडले. एका गिऱ्हाईकाची डावी बाही उजवीकडे फिरकेना. बिचाऱ्याला टाळ्या वाजवायच्या ठिकाणी जाणंच सोडावं लागलं. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

दुकान होतं थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या नावावर. एक दिवस ती पडद्यातच उभी राहून दोन्ही कानांना ऐकू जाईल अशी ओरडली, “रविवारी संध्याकाळी माझ्याकडे जेवायचं. एका टेबलावर, शेवटच्या घासापर्यंत. बसल्यावर एकजण जरी मधेच उठला, तरी सोमवारी हे दुकान शेजारच्या बटणवाल्याला देऊन टाकीन. त्यालाही बोलावलंय.”

बटणवाला कित्येक वर्षं मधली भिंत पाडायची स्वप्नं बघत होता. त्यानं रविवारसाठी दाढीसुद्धा केली.

कुणी कुठे बसायचं यावरून टेबलावर डोकी फुटू नयेत म्हणून आक्कानं प्रत्येकाच्या जागेसाठी कार्ड करायला घेतलं. नाव एकावरही नाही. शिंप्याच्या घरात माणूस मापावरून ओळखायचा, ही तिच्या वारलेल्या वडिलांची, अप्पांची शिकवण. पुठ्ठा दुमडून उभा करायचा आणि त्यावर दुकानातल्या चिंध्यांचा बोटभर कोट चिकटवायचा, ज्याचा त्याच्या अंगासारखा. पोट सुटलेलं तर कोट सुटलेला, पाठीला पोक तर कोटाला पोक. कॉलरला खरे टाके, खिशाला खरं अस्तर. बटणवाल्याच्या कोटाला मात्र तिनं एकही बटण लावलं नाही.

रविवारी थोरला पुढच्या दारानं आला, धाकटा स्वयंपाकघराच्या. टेबलाच्या टोकाला अप्पांची ऐसपैस खुर्ची होती आणि तिच्यापुढच्या कार्डावर डावा खांदा उतरलेला करडा कोट. दोघांनी तो एकदमच पाहिला, दोघं एकदमच धावले आणि दोघं एकदमच त्या खुर्चीत आदळले.

“आक्का, ह्याला सांग, हा माझा खांदा आहे!” थोरला म्हणाला.

“आक्का, त्याला म्हणावं, आरशात बघ. हा माझा!”

“मी काय टपाल आहे?” आक्का म्हणाली. “तोंडं नाहीत तुम्हाला?”

“ऊठ, चोरा!” थोरला थेट धाकट्यावर खेकसला.

“आधी तू ऊठ, भोपळ्या!”

दोघांच्याही गळ्यात टेप होताच. बसल्याबसल्या त्यांनी एकमेकांचे खांदे मोजायला सुरुवात केली. मोजणं कसलं, आवळणंच ते.

“श्वास रोखू नकोस!”

“तू टेप ताणू नकोस!”

बटणवाला मधे वाकून आकडे बघत होता. “अरे वा,” तो खूश होऊन म्हणाला, “सूतभरही फरक नाही. आता भांडण मिटायचं नाही.”

“मिटेल कसं?” आक्कानं सूप वाढायचा डाव टेबलावर आपटला. “अरे मूर्खांनो, तो अप्पांचा कोट आहे! ती खुर्ची मी त्यांच्यासाठी रिकामी ठेवली होती. तुमची कार्डं बघा, त्या दोन कोपऱ्यांत. खांदा तिघांचा एक, पण अप्पांच्या कोटाला पोट कुठाय? खांदा दिसला की बाकी आंधळे! शिंपी म्हणवता?”

दोघांनी पाहिलं. कोट छातीपासून खाली सरळ पट्टीसारखा होता. दोघांनी आपापल्या पोटावर हात ठेवला.

“मग उठा की,” बटणवाला गोड आवाजात म्हणाला. “बसा आपापल्या जागी.”

थोरला उठू लागला. धाकट्यानं त्याची बाही पकडून त्याला खाली ओढलं. “उठलास तर दुकान जाईल, ठोंब्या!”

“माझी बाही सोड!”

“ती मीच शिवलीय!”

मग दोघं त्याच खुर्चीत जेवले. धाकटा डाव्या हातानं, कारण उजवा भावाच्या बरगड्यांत अडकलेला. एकाचं सूप दुसऱ्याच्या विजारीवर सांडलं, दुसऱ्याचा चमचा पहिल्याच्या कानात गेला, शिव्या तर मिठाच्या जागी वाढल्या होत्या. पण शेवटच्या घासापर्यंत एकही हलला नाही. त्यांना खुर्चीतून सोडवायला साबणाचं पाणी लागलं. बटणवाला इतक्या संतापानं निघाला की दाराबाहेर त्याच्या अंगातल्या खऱ्या कोटाची बटणंही तटातट उडाली.

सोमवारी पडदा जागच्या जागीच होता. खडू मात्र कुणी उचलला नाही.

“काल कोपर मुद्दाम मारलंस!” अलीकडून आवाज आला.

“मुद्दामच! आणि ही बाही तिरकी कापलीयस!”

“दाखव इकडे!”

“तूच ये, मी उठणार नाही!”

तेव्हापासून दिवसभर हेच चालतं. त्या गिऱ्हाईकाच्या डाव्या बाहीला उजवी सापडली आहे म्हणतात. आता तो कुठेही टाळ्या वाजवतो, अगदी दुसऱ्याचा पाय घसरला तरी.